दुसऱ्या हंगामात उरलेली ॲप्स

माझ्या चुलतभावाच्या फोनमध्ये तीन वर्षांपूर्वी शेतीची नऊ ॲप्स होती. काही मेळाव्यात कंपनीच्या मुलांनी स्वतःच्या हाताने टाकून दिलेली, काही कृषी सहायकाने सांगितलेली, दोन-तीन सरकारी कामासाठी घ्यावीच लागलेली. गेल्या दिवाळीला निफाडला गेलो तेव्हा त्यांतली दोन उरली होती. तरीही तो दिवसातून पंधरा-वीस वेळा शेतीसाठीच फोन काढत होता. पहाटे आभाळाचा अंदाज, सकाळी लिलाव सुरू झाले की लासलगावचे भाव, दुपारी द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला डागाळलेल्या पानाचा फोटो, रात्री जेवण झाल्यावर यूट्यूबवर स्लरी कशी करायची त्याचा व्हिडिओ. शिक्षण दहावी, जमीन अडीच एकर.

गेलेल्या सात ॲप्सच्या मालकांना कारण विचारलं, तर ते बहुधा म्हणतील की ग्रामीण भागात डिजिटल साक्षरता कमी पडते. चर्चासत्रांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. जो माणूस चिखलाच्या हाताने व्हॉइस मेसेज पाठवतो, तीन बाजारांचे भाव एकाच वेळी डोक्यात ठेवतो आणि मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म रात्री बारा वाजता सर्व्हर मोकळा असताना भरतो, त्याला निरक्षर ठरवणं हा अन्याय आहे. त्याने ती सात ॲप्स वापरून पाहिली, तपासली आणि काढून टाकली. संकरित बियाणं, ठिबक, नवं औषध यांच्या बाबतीत तो जे करतो तेच त्याने इथेही केलं. एक हंगाम बघितलं, दुसऱ्या हंगामाला हिशेब केला.

म्हणून शेतकरी तंत्रज्ञान स्वीकारतो की नाही, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. स्वीकारलेलं साधन दुसऱ्या हंगामात का टिकतं, हे विचारायला हवं. माझ्या समजुतीप्रमाणे त्याच्या दोन अटी आहेत. त्या माहितीवरून जो निर्णय घ्यायचा तो शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातातला असावा लागतो. आणि माहिती चुकली तर जाब विचारायला पलीकडे कुणीतरी माणूस असावा लागतो. आपल्याकडची सरकारी आणि खासगी बहुतेक साधनं यांतली एक तरी अट मोडतात.

पहिल्या अटीचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा आपल्याच राज्यात आहे. २००७ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी एसएमएस सेवा सुरू केली. बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला, सगळं मराठीत, वर्गणी भरून. कल्पना उत्तम होती आणि मेहनतही खरी होती. दोन अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत सुमारे हजार शेतकऱ्यांवर तिचा परिणाम तपासला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. काही गावांना वर्षभर सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही. सेवा मिळालेल्यांना सरासरी भाव जास्त मिळाला असं काही दिसलं नाही. पिकाचं नुकसानही कमी झाल्याचं आढळलं नाही.

कांदा उत्पादकाला यात आश्चर्य वाटणार नाही. लासलगावला भाव दोनशेने जास्त आहे हे मला कळलं, पण माझ्याकडे तीसच क्विंटल माल आहे. ट्रॅक्टर भाड्याचा, आडत्याकडून उचल घेतलेली, आणि परवा सोसायटीचा हप्ता. अशा वेळी तो भाव कळून मी काय करणार? भावाची माहिती त्याच्याच उपयोगाची, ज्याला थांबता येतं किंवा दुसरीकडे जाता येतं. थांबायला कांदा साठवायची चाळ लागते, जायला गाडी लागते, आणि दोन्हीसाठी घरात चार पैसे शिल्लक लागतात. माझ्या भावाने चाळ बांधली त्या वर्षापासून तो भाव रोज बघायला लागला. आधी म्हणायचा, बघून जीव जळतो फक्त. चाळ आल्यावर एप्रिलचा कांदा काढल्या काढल्या विकायचा की ऑगस्टपर्यंत ठेवायचा, हा निर्णय त्याचा झाला, आणि मग भावाचा आकडा त्याच्या कामाचा झाला. त्याची साक्षरता तेवढीच होती. फरक पडला तो पंचवीस टनांच्या चाळीने.

याची उलट बाजूही आहे. आयटीसी कंपनीने २००० साली मध्य प्रदेशात ई-चौपाल सुरू केली, तेव्हा गावातल्या संगणकाबरोबर सोयाबीनचा खरेदीदार आणि वजनकाटाही आला. मंडीत पटलं नाही तर त्यांच्या केंद्रावर माल घालता येत होता. तिथल्या मंड्यांतला सोयाबीनचा भाव सरासरी एक ते तीन टक्क्यांनी वाढल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. आकडा छोटा आहे, पण खरा आहे. स्क्रीनवर दिसणाऱ्या भावामागे तिथे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं.

आणि जिथे निर्णय पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात असतो, तिथे माहिती कितीही वेगाने आली तरी तिचं काय करायचं? ७ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर बाजार समितीच्या दारात पोचण्याआधी ही बातमी नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर पोचलेली होती. लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. त्या सकाळी माहितीची कमतरता कुणालाच नव्हती. शेतकऱ्याला बाजाराशी जोडणाऱ्या ॲपचं कौतुक करताना मला ती सकाळ आठवते, आणि धोरण ठरवणाऱ्यांनीही ती आठवावी असं वाटतं.

फवारणीचं तसं नाही. एक एकर बाग असो की वीस एकर, आज संध्याकाळी फवारायचं की उद्या सकाळी, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग पोंग्यातून, म्हणजे नव्या फुटीतून, पुढे सरकून फुलोऱ्याकडे निघाली की डाउनी या बुरशीच्या रोगाची भीती सुरू होते. दोन दिवस आभाळ आणि थोडा पाऊस एवढं तिला पुरतं. फवारल्यावर तासाभरात पाऊस आला तर औषध धुऊन गेलं, पैसे मातीत. न फवारता पाऊस आला तर घड गेले. अशा आठवड्यात शेतकरी हवामानाचा अंदाज तासातासाला बघतो, चार ठिकाणचे अंदाज ताडून बघतो, आणि शेवटी ग्रुपवर विचारतो: दिंडोरीकडं काय आहे? कुणीतरी लिहितं, पिंपळगावात टपोरे थेंब सुरू. पंप बाहेर काढलेला असतो तो पुन्हा शेडमध्ये जातो.

राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. ती आवश्यकच आहेत. पण एका मंडळात बरीच गावं असतात, आणि शिवाराच्या एका टोकाला पाऊस पडून दुसरं टोक कोरडं राहतं हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या ग्रुपवरचा माणूस यंत्राने सोडलेली फट भरून काढतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा आठवड्याचा सल्लाही याच ग्रुपवर फिरतो आणि खूप वाचला जातो, कारण या आठवड्यात आपल्या बागेत काय करायचं ते तो सांगतो. ‘संतुलित खतांचा वापर करावा’ अशा सुविचारांना तिथे कुणी थारा देत नाही.

हातातला निर्णय आणि नुसती माहिती यांतला फरक वारणेने आपल्याला पंचवीस वर्षांपूर्वीच दाखवला होता, आपण तो विसरलो. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात, सत्तरच्या आसपास गावांना संगणकांनी जोडणारा प्रकल्प सुरू झाला. देशभर त्याचा गाजावाजा झाला. बाजारभाव, पीकसल्ला, जमिनीचे दाखले, शिक्षण, सगळं गावातल्या संगणकावर मिळणार होतं. प्रत्यक्षात शेतकरी तिथे मुख्यतः कशासाठी आले? उसाची नोंद, किती टन गेला त्याची पावती, बिलाचा हिशेब, खताची उधारी. काही वर्षांनी संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून तेच काम करून पाहिलं आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. जगाचं ज्ञान गावात आणायची भाषा करणाऱ्यांना हे क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. आपल्या उसाचं वजन किती भरलं हे गाळपाच्या दिवसात कळणं म्हणजे आपला हक्काचा पैसा कळणं. शेतकऱ्याने त्या महागड्या यंत्रणेतून आपल्या कामाचं नेमकं उचललं.

आता दुसरी अट. आपल्याकडे पीकसल्ला देणारा सगळ्यांत मोठा माणूस कोण? विद्यापीठ नव्हे, कृषी विभाग नव्हे. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. पान घेऊन जायचं, तो बघतो, दोन बाटल्या आणि एक पुडी देतो, उधारीवर देतो. त्याच्या सल्ल्यात त्याचं कमिशन असतं हे शेतकऱ्याला माहीत नसतं असं कुणी समजू नये. पूर्ण माहीत असतं. तरी तो तिथे जातो, कारण दुकानदार ओळखीचा असतो, उद्या परत भेटणार असतो आणि औषध लागलं नाही तर त्याच्या दुकानात उभं राहून भांडता येतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या दिवसांत बांधावर कोणती औषधं कशात मिसळली जात होती आणि ते कोण सांगत होतं, हा प्रश्न ज्याने मनावर घेतला असेल, त्याला या दुसऱ्या अटीचं गांभीर्य वेगळं समजवावं लागणार नाही.

गुजरातमधल्या सुरेंद्रनगर जिल्ह्यात कपाशीच्या शेतकऱ्यांना फुकट फोन करून प्रश्न विचारता येईल अशी सेवा दिली गेली. प्रश्न आपल्या बोलीत रेकॉर्ड करायचा, तज्ज्ञाचं उत्तर फोनवरच ऐकायचं, इतरांचे प्रश्नही ऐकता यायचे. सुमारे १,२०० शेतकऱ्यांमध्ये दोन वर्षं चाललेल्या पाहणीत शेतकऱ्यांनी ती सेवा सातत्याने वापरली आणि कीटकनाशकाच्या सल्ल्यासाठी दुकानदारावर अवलंबून राहणं कमी झालं. त्यात नवल वाटावं असं यंत्र काहीच नव्हतं. साधा फोन होता, आवाज होता आणि पलीकडे शेती कळणारा माणूस होता.

याच सेवेवर त्याआधी झालेला आणखी एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. ३०५ शेतकऱ्यांना शेतीच्या सात सूचना फोनवर ऐकवल्या. मजकूर तोच, पण काहींना तो कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या आवाजात आणि काहींना शेतकऱ्यांच्या आवाजात. जास्त माहिती हवी असेल तर एका नंबरवर फोन करायचा होता. मुलाखतीत बहुतेकांनी सांगितलं की आम्हाला शास्त्रज्ञांकडून ऐकायला आवडतं. फोन मात्र जास्त आले ते शेतकऱ्याच्या आवाजातल्या सूचनेनंतर. पाहुण्यासमोर माणूस साहेबाचं नाव घेतो, पण बियाणं पेरताना शेजाऱ्याचं रान बघतो, हे आपण ओळखतोच. शेतकऱ्यांचेच व्हिडिओ करून गावात दाखवणाऱ्या डिजिटल ग्रीन या संस्थेच्या कामातही हेच दिसलं. बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न असायचा, हा शेतकरी कोण आणि कुठल्या गावचा. आपल्यासारखीच जमीन, आपल्यासारखंच पाणी आणि आपल्यासारखंच कर्ज असलेल्या माणसाला जमलं असेल तरच ते आपल्याला जमणार, असा तो हिशेब आहे.

याचा अर्थ ग्रुपवर येणारं सगळं खरं असतं असा नाही. कुठल्या तरी पावडरीने दुप्पट उत्पन्न, अमक्या तारखेला अतिवृष्टी, असं पुष्कळ येतं, आणि त्यात लोक फसतातही. मीही एकदा ग्रुपवरच्या सल्ल्याने टोमॅटोचं अर्धं रान करपवून घेतलं आहे. पण चांगल्या ग्रुपमध्ये दोन-तीन जाणती माणसं असतात, ती बोलतात. चुकीचा सल्ला देणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर असतं. आमच्या ग्रुपमधून असा एक जण काढला गेला, आणि त्याने माफी मागितल्यावर परत घेतला गेला. कोणत्या ॲपमध्ये अशी सोय आहे?

सक्तीबद्दलही बोलायला हवं, कारण स्वीकाराचे बरेच मोठे आकडे तिथूनच येतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करायचा, आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून फोटो काढून ती करायची. मूळ विचार चांगला आहे. चावडीत बसून केलेल्या नोंदींनी किती घोळ घातले ते गावाला माहीत आहे, आणि आपला पेरा आपण नोंदवणं ही शेतकऱ्याच्या हातात आलेली खरी सत्ता आहे. पण ही नोंद नसेल तर नुकसानभरपाईत अडचण, सरकारी खरेदीत अडचण. मग शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम तुटून पडतात, सर्व्हर हळू होतो, मुदतवाढ मिळते. २०२५च्या खरिपाआधी पीकविम्यासाठी नुकसान ७२ तासांत कळवावं लागायचं, आणि ज्या गारपिटीने पीक झोपायचं तिनेच अनेकदा वीज आणि नेटवर्कही जायचं. अशा ॲपचे लाखो डाउनलोड दाखवून शेतकरी डिजिटल झाला असं म्हणणं मला पटत नाही. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कुणी रांगेचा चाहता म्हणत नाही.

सक्ती म्हणून ती वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. युरोपला द्राक्षं पाठवायची तर २००६ पासून ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंद करावी लागते. ती पाळली गेली आणि टिकली, कारण त्या नोंदीच्या बदल्यात निर्यातीचा भाव मिळतो. शेतकरी एका हाताने माहिती देतो तेव्हा दुसऱ्या हातात काय पडतं, ते बघतो. ई-पीक पाहणीत भरलेल्या माहितीतून त्याच्या तालुक्यात यंदा कांद्याची लागवड किती वाढली हे त्यालाच वेळेवर परत कळलं, तर तो मुदतीच्या आधी नोंद करेल. आपण त्याच्याकडून आकडे घेतो आणि त्याला फक्त पोच देतो.

या सगळ्यात एक माणूस मोजलाच जात नाही. सातबारा भावाच्या नावावर, त्यामुळे ॲपची नोंदणी भावाच्या नावावर, ओटीपी भावाच्या फोनवर. पण कांद्याची खुरपणी, विरळणी, चाळीतला सडका कांदा निवडणं, गाई-शेळ्यांचं औषधपाणी, हे वहिनी करते. रोपाच्या वाफ्यावर करपा आधी तिला दिसतो. तिचा फोन म्हणजे भावाने नवा घेतल्यावर उरलेला जुना, एका कडेला काच फुटलेला. महाराष्ट्रात सरासरी खातं २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टरचं, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपासचं. एवढ्या शेतात मजूर परवडत नाही, घरची बाईच राबते. जिच्या डोळ्यांना रोग पहिल्यांदा दिसतो तिच्यापर्यंत न पोचणारं साधन अर्धी शेती आंधळी ठेवतं.

आता पैशांकडे येतो. २००८च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन अळीने खाल्लं, त्यातून २००९ मध्ये राज्याने क्रॉपसॅप हा कीड-रोगांवर नजर ठेवणारा प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या शेतांत माणसं जाऊन अळ्या मोजायची, आकडे संगणकावर जायचे, तज्ज्ञ सल्ला काढायचे आणि तो एसएमएसने शेतकऱ्याला मिळायचा. यंत्र आणि माणूस यांची सांगड कशी घालावी याचा तो आपल्याच घरचा नमुना आहे. केंद्राने २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रं उघडली, देशभरात १९९. हवामान खात्याचा अंदाज घ्यायचा, त्या जिल्ह्याच्या पिकांना लावायचा आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपवर स्थानिक भाषेत पाठवायचा, हे तिथल्या मोजक्या माणसांचं काम. शेतकरी त्यांना नावाने ओळखत, फोन करत, अंदाज चुकला तर बोलत. जानेवारी २०२४ मध्ये ही केंद्रं बंद करण्याचा आदेश निघाला. आकडे आता आपोआप गोळा होतात, ही त्यामागची एक भूमिका होती. आकडे आपोआप गोळा होत असतील. पण वाशिमच्या हळदीला उद्या पाणी द्यायचं की थांबायचं, हे त्या आकड्यातून काढून कुणीतरी सांगावं लागतं.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच, जून २०२५ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने ५०० कोटींचं महाकृषी-एआय धोरण मंजूर केलं. त्याच वर्षी महाविस्तार हे मराठीत प्रश्नोत्तरं करणारं ॲप आलं. मी या गोष्टींच्या विरोधात नाही. ज्याला टाइप करता येत नाही त्याने बोलून विचारावं आणि मराठीत बोलून उत्तर मिळावं, ही फार मोठी सोय आहे, आणि रात्री अकराला उत्तर देणारा कृषी सहायक कुठल्याही सरकारला नेमता येणार नाही. पण त्या ५०० कोटींबद्दल मला दोन गोष्टी जाहीर झालेल्या हव्या आहेत. पहिली, किती जणांनी ॲप घेतलं याऐवजी पहिल्या खरिपात प्रश्न विचारलेल्यांपैकी किती जणांनी दुसऱ्या खरिपात पुन्हा विचारला, हा आकडा तालुकानिहाय छापावा. दुसरी, यंत्राने दिलेल्या उत्तराखाली ‘पटलं नाही, माणसाशी बोलायचं आहे’ असं बटण असावं, आणि ते दाबल्यावर त्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या खऱ्या माणसाचा फोन वाजावा. त्याच्या पगाराची तरतूद त्याच ५०० कोटींत असावी.

दिवाळीच्या त्याच मुक्कामात एका संध्याकाळी वहिनी अंगणात फोन तोंडाशी धरून बोलत होती. रोपाच्या वाफ्यावर पात शेंड्याकडून पिवळी पडतेय, दोन दिवसांपूर्वी पाणी दिलंय, वाफसा नीट आला नव्हता, असं सगळं सांगितलं आणि बचतगटाच्या ग्रुपवर टाकलं. स्वयंपाक होईतो चांदवड तालुक्यातल्या एका बाईचा आवाज आला. पाणी तोड, उद्या ऊन पडू दे, मग परवा बघ, औषधाची घाई करू नको ताई. वहिनीने तो मेसेज दोनदा ऐकला, मग भावाला हाक मारून सांगितलं की उद्या दुकानात जायचं नाही.